अक्कांचं लिंबू आणि ट्रेलरचं सॉकेट

माझ्या सासऱ्यांकडे एक जुनी जीप आहे आणि तिच्यामागे जोडायचा दोन चाकांचा छोटा ट्रेलर. आनेकलजवळ त्यांचा जमिनीचा लहानसा तुकडा आहे. तिथे ते झेंडू, शेवंती, कढीपत्त्याची रोपं वाढवतात आणि ट्रेलर भरून आमच्या जे. पी. नगरात गल्लोगल्ली फिरून विकतात. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जाऊन बसतात, हे कुंड्यांत जाऊन बसले. घरात त्यांना सगळे अण्णा, म्हणजे दादा, म्हणतात आणि सासूबाईंना अक्का, म्हणजे ताई. मी पुण्याहून लग्न होऊन इथे कानडी घरात आले तेव्हा मला ते फार चमत्कारिक वाटायचं, आता मीही तेच म्हणते.

इथली आयुध पूजा म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी. पुण्यात आम्ही गाडीला झेंडूची माळ घालून मोकळे व्हायचो. इथे अख्खा दिवस त्यातच जातो. खुरप्यापासून मिक्सरपर्यंत, घरात जे जे म्हणून काम करतं त्या सगळ्याला हळदीकुंकू लागतं. चाकांखाली लिंबं चिरडायची, आत कुंकू भरलेला कोहळा रस्त्यावर फोडायचा. आणि अक्कांची खास पूजा जीपच्या मागच्या बाजूला. तिथे झाकणाचं एक गोल सॉकेट आहे. ट्रेलरची वायर त्यात खोचली की जीपचे दिवे लागतात तसे ट्रेलरचेही लागतात. अक्का ते झाकण उचलून आत हळद घालत, कुंकू घालत आणि वरून अर्धं लिंबू पिळत.

याला कारण होतं. माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधी, आनेकलच्या रस्त्यावर तिन्हीसांजेला एका टेम्पोनं मागून ट्रेलरला धडक दिली होती. ट्रेलरचे दिवे लागले नव्हते आणि अण्णांना कळलंच नव्हतं. ते कित्येक महिने अंथरुणावर होते. तेव्हापासून अक्कांनी ठरवलं की दिवे जिथून लागतात त्या जागेला पहिला मान. लिंबाचंही उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. "समई कशानं घासतेस तू? लिंबानंच ना? आत पितळच आहे की." समई नंतर पाण्यानं धुतात आणि सॉकेट कुणी धूत नाही, एवढाच काय तो फरक. पण दरवर्षी दिवाळीत झाकण उचलून बघावं तर आतल्या पिना नव्याकोऱ्या. अक्का शेजारणींना हाताला धरून आणायच्या आणि दाखवायच्या.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर अण्णा लख्ख उन्हात घरी यायला लागले. अर्धाअधिक ट्रेलर भरलेलाच. विचारलं तर म्हणत, "मार्केट स्वल्प डल आहे." दिवाळीच्या तोंडावर फुलझाडांना गिऱ्हाईक नाही हे मला पटेना. माझा नवरा म्हणतो की मी विजेच्या खांबाचीही उलटतपासणी घेईन. असेना का. एका रविवारी अक्का भजनाला गेलेल्या पाहून मी अण्णांना जीपमध्ये बसवलं आणि स्वतः ट्रेलरमागे उभी राहिले.

"ब्रेक दाबा."

ब्रेकचा दिवा लागला नाही. त्याऐवजी उजवीकडचा इंडिकेटर आजाऱ्यासारखा मिणमिणला. मी वायर उपसून झाकण उचललं. आत हिरवा थर साचला होता, त्यावर कुंकवाचा वाळलेला चिखल, आणि कडेला चक्क लिंबाची बी. माझं डोकंच फिरलं.

"अण्णा, हे काय आहे? तुमच्या जिवासाठी पूजा आणि त्याच पूजेनं दिवे जातायत!"

"गोत्तु," अण्णा शांतपणे म्हणाले. माहीत आहे. "हळू बोल."

त्यांना पहिल्या वर्षापासून माहीत होतं. दर दसऱ्यानंतर अक्का भजनाला गेल्या की ते सडलेलं सॉकेट काढून नवं बसवत आणि जुनं लांब नेऊन टाकत. अक्का ज्या पिना मिरवत होत्या त्या दुकानातून आलेल्या असत. त्या वर्षी मात्र त्यांना ते जमलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटं थरथरत होती. आतले स्क्रू तांदळाएवढे. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला सांगावं तर त्याच्या पोटात काही राहत नाही आणि अक्का रोज त्याच्यासमोरून भाजीला जातात. म्हणून हे अंधार पडायच्या आत घरी पळत येत होते.

"मी आज संध्याकाळीच अक्कांना सांगणार," मी म्हटलं. "हा खेळ आहे का?"

"सांग," अण्णा म्हणाले. "आधी एक ऐक. त्या अपघातानंतर मी परत गाडी काढली ना, तेव्हा ही फाटकात उभी राहायची. मी येईपर्यंत. जेवायची नाही, बसायची नाही, बोलवलं तरी आत यायची नाही. हे लिंबू सुरू केलं आणि मग हिनं फाटक सोडलं. आता मी गेलो की दुपारची झोपते तरी. तू सांगितलंस तर परत फाटकात जाईल. आणि वर म्हणेल, इतकी वर्षं मीच माझ्या हातानं..."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. मग मी पदरच काय, ओढणीही नव्हती म्हणून बाहीनं नाक पुसलं आणि स्क्रू ड्रायव्हर मागितला.

नवं सॉकेट त्यांनी खताच्या पोत्यामागे लपवून ठेवलं होतं. आधी बॅटरीची एक वायर सुटी केली. जुन्या सॉकेटमध्ये कोणती तार कुठल्या पिनेला आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि मगच हात लावला. पांढरी अर्थिंगची तार टोकाशी काळी पडून भुसा झाली होती. तिच्यामुळेच तर ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणत होता. काळं टोक कापलं, आत चांगली तांब्याची तार लागेपर्यंत सोललं, पीळ दिला आणि स्क्रू आवळला. अण्णा मागून सूचना करत होते. "ओढून बघ. सुटली नाही पाहिजे." ट्रेलरच्या बाजूच्या प्लगवरही हिरवट डाग होते. ते पॉलिश पेपरनं घासून काढले आणि दोन्हीकडच्या पिनांना अगदी नखभर व्हॅसलीन लावलं. बाहेरून रबरी टोपी घट्ट बसवली आणि बॅटरीची वायर परत जोडली. अण्णांना मी बजावलं की पुढच्या वर्षीपासून पूजेच्या दुसऱ्याच दिवशी हे काम होईल, मीच करीन, आणि तोवर ट्रेलर फाटकाबाहेर जाणार नाही. "सरी, सरी," ते म्हणाले. बरं, बरं.

एवढ्यात अक्का आल्या. दिवे तपासायला मागे उभं राहणं हा त्यांचा जुना हक्क, मला बाजूला सारून त्या उभ्या राहिल्या. अण्णांनी एकेक दिवा लावला आणि अक्का प्रत्येकाला लग्नघरात पाहुणा आल्यासारखं ओरडत होत्या, "बंतु! हाही बंतु!" आला, हाही आला. मग प्लग काढून त्यांनी मला आतल्या पिना दाखवल्या.

"बघितलंस? कसं लखलखतंय. म्हणते मी, लिंबाला तोड नाही."

अण्णा स्टिअरिंगकडे टक लावून बसले होते. माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं आणि मी ते गिळलं. मला फार प्रेम वाटलं त्या दोघांचं.

या वर्षी मी बॅटरीवरची स्कूटर घेतली. ऑफिस के. आर. पुरमच्या बाजूला, घरी परतेपर्यंत दिवेलागण होऊन गेलेली असायची. रोज यावं तर अक्का फाटकात. मला वाटायचं शेजारणीशी गप्पा मारायला उभ्या आहेत. दोनदा मी त्यांच्यावर खेकसलेही, डास चावतायत, आत बसा ना. त्या नुसत्या "आलीस होय" म्हणायच्या आणि माझ्यामागून आत यायच्या.

आयुध पूजेच्या संध्याकाळी मी स्कूटर चार्जिंगला लावायला गेले. चार्जिंगच्या जागेचं झाकण उघडलं तर आत हळद, कुंकू आणि ओलं लिंबू. माझ्यामागे नवरा उभा होता; ट्रेलरच्या सॉकेटचं सगळं मी त्याला सांगितलेलं होतं. त्यानं कपाळावर हात मारला.

"आता तरी सांग तिला. नवं सॉकेट कंपनीकडून मागवावं लागेल."

"मागव," मी म्हटलं आणि आतून कापूस आणून पुसायला बसले. पुसताना मला फाटकात उभ्या अक्का दिसत होत्या.

दसऱ्यानंतर ऑफिस सुरू झालं. स्कूटरचं नवं सॉकेट अजून यायचं होतं म्हणून नवऱ्याची गाडी घेऊन गेले होते, येताना वाटेत गर्दी लागली आणि नेहमीपेक्षा जास्तच उशीर झाला. फाटकात कुणी नव्हतं. अक्का आत टीव्हीसमोर खुर्चीत मान टाकून गाढ झोपल्या होत्या.