तळहाताएवढी बधिर जागा

कोळेकर सर गेल्याचं कळलं तेव्हा मी सांगलीत माझ्या दवाखान्यात पेशंट तपासत होतो. निवृत्तीनंतर सर मुलीकडे लोणंदला राहत. फोन तिचाच होता. "दादा, बाबा सकाळी गेले. चहा घेता घेता..." एवढंच ती बोलली. बाहेर बसलेले चार पेशंट तपासून मगच मी निघालो. सरांना हेच आवडलं असतं, अशी तेव्हा मी स्वतःची समजूत घातली. त्याला आता महिना होत आला.

डॉ. हणमंत कोळेकर आम्हाला शरीररचनाशास्त्र शिकवत. गाव कवठे महांकाळकडचं, घर मेंढपाळांचं. वर्गात पुस्तकी इंग्रजी बोलत, पण चिडले किंवा खूश झाले की गावची बोली बाहेर येई. पोटाची भिंत हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. कातडी, चरबी, मग एकाखाली एक तीन स्नायू, प्रत्येकाचे धागे वेगळ्या दिशेला. सगळ्यात बाहेरच्या स्नायूसाठी ते अख्ख्या वर्गाला उभं करून ॲप्रनच्या खिशांत हात घालायला लावत. "बोटं जिकडं गेली, तिकडंच धागं जात्यात. आता विसरून दावा!" तोंडी परीक्षेत मात्र त्यांनी मला नापास केलं. पोटाच्या मधल्या सरळ स्नायूमागचा पांढरा पडदा बेंबीखाली एका ठिकाणी संपतो. मी तो चित्रात थेट खालपर्यंत नेला होता. "पाठ केलंस गड्या, बघितलं न्हाईस," ते म्हणाले. नंतर ऐन सुट्टीत मला बोलावून घेऊन त्यांनी मृतदेहावर माझं बोट त्या काठावर टेकवलं. वाया गेलेल्या सहा महिन्यांचा राग मला पुढे बरीच वर्षं पुरला.

मी सर्जन झालो. निवृत्तीला दोनेक वर्षं उरली असताना सर एकदा इतरांसारखा नंबर लावून दवाखान्यात आले. जांघेत हर्निया होता, चांगला लिंबाएवढा. "ऑपरेशन तूच करायचंस," म्हणाले. भूल कमरेखालची, त्यामुळे सर पूर्ण शुद्धीत. मधल्या हिरव्या पडद्यापलीकडून प्रश्न चालू. "कुठवर आलास रं?" मी म्हणालो, "बाहेरच्या स्नायूचा पडदा उघडतोय, सर." "त्येच्याखाली नस आसती. जपून." पण कात्री तोवर पुढे गेली होती. नसेची दोन टोकं मला समोर दिसत होती. "दिसली का?" सरांनी विचारलं. "दिसली, सर," मी म्हणालो.

हर्निया नीट शिवला गेला. अशा ऑपरेशननंतर थोडा बधिरपणा बऱ्याच जणांना येतो, जाईल हळूहळू, असं म्हणून मला मोकळं होता आलं असतं. सकाळी त्यांच्या खाटेशी गेलो तेव्हा मनात तेच वाक्य होतं. प्रत्यक्षात म्हणालो, "सर, ती नस माझ्याकडून कापली गेली. काल सांगायचा धीर झाला नाही." सरांनी नजर पंख्याकडे वळवली. मग म्हणाले, "ठावं हाय. तू लय पटकन 'दिसली' म्हणालास." त्यापुढे त्या विषयावर एक शब्द नाही. टाके काढायलाही ते दुसरीकडे गेले. नंतर कधी फोन नाही, भेट नाही. ते रागावले असं मी धरून चाललो, आणि मीही गेलो नाही. ते माझं चुकलं.

लोणंदच्या घरी त्या दिवशी माझ्या शेजारी एक तरुण डॉक्टर बसली होती. सरांच्या शेवटच्या तुकडीतली, आता कुपवाडला नोकरीला. तीच आपणहून सांगू लागली... जांघेतली नस शिकवताना सरांनी फळ्यावर मांडी काढली होती आणि वर, आतल्या बाजूला, तळहाताएवढी जागा लाल खडूनं रंगवली होती. "ही माझी सवताची. दर महिन्याला टाचणी टोचून बघतो. हितं कायबी कळत न्हाई." कुणीतरी विचारलं, सर, नस कापली कुणी? "माझ्याच पोरानं. सकाळी यिऊन त्येनंच सांगितलं. न्हाईतर ह्या जागेचं मी तुमाला कशाला सांगितलं आसतं?"

"कोण असतील हो ते डॉक्टर?" तिनं मला विचारलं.

"मीच," मी म्हणालो.

मी सतरंजीच्या कडेला, अर्धा फरशीवर बसलो होतो. थोडं सरकून तिनं मला जागा करून दिली.