आबांच्या गेटातली मुकी गाडी

आबा डोळ्यांवर विश्वास ठेवत नसत, हातांवर ठेवत. अमडापूरला त्यांच्या घरी खोली बघायला गेलो तेव्हा मी नमस्कारासाठी हात जोडले. त्यांनी ते जोडलेले हात सुटे केले, उजवा स्वतःच्या हातात घेतला, तळवा अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाले, "मऊ हाय. बसून खानाऱ्याचा हात हाय. भाडं टाइमावर देशील, पन पान्याचा हंडा नाही उचलनार." दोन्ही गोष्टी पुढे खऱ्या ठरल्या.

त्यांनी उभं आयुष्य धान्याच्या फुटकळ व्यापारात घालवलं होतं. बैलगाडी घेऊन गावोगाव हिंडायचं, कुणाची तूर, कुणाचा हरभरा घ्यायचा आणि बाजाराला आणायचा. पोत्याच्या तोंडाशी दिसणारा माल चांगलाच असतो, म्हणून ते कोपरापर्यंत हात आत घालत आणि तळाचा माल मुठीत धरून वर काढत. गाडी गेली, बैल गेले, पण हात आत घालायची सवय गेली नाही. "हरेक पोत्यात खडा असते," असं ते म्हणत. "पोत्याले माहीत नसते, एवढंच."

गावात त्यांना पंचनामे आबा म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हे. दुधात बोट, कलिंगडावर टिचकी, पाहुण्याच्या पिशवीवर हात, सगळ्याचा पंचनामा होई. मोबाइल पाऊस सांगतो असं मी एकदा म्हणालो, तर त्यांनी विचारलं, "तो भिजला होता का कधी?" मी उंद्रीच्या सरकारी दवाखान्यात औषधं द्यायला होतो. तिथून सर्दीची गोळी आणून दिली की ती आधी बोटांत फिरवत, मग नखाने खरवडत. मग मला म्हणत, "आधी तू खाय." त्या घरात मी सर्दी नसताना बऱ्याच गोळ्या खाल्ल्या आहेत.

बायको त्यांची केव्हाच गेली होती. एकुलती मुलगी शोभाताई नाशिकला. घराला कुलूप लावावं आणि वडिलांना घेऊन जावं, हा तिचा धोशा. त्यांचं म्हणणं, मी माझ्या घरात राहीन आणि इथूनच जाईन. दर दिवाळीला ही तारीख पुढे पडे. त्यात मी भाडेकरू म्हणून आलो आणि शोभाताई मला रविवारी फोन करू लागली. "भाऊ, खरं सांगा, बाबांना एकट्याला सगळं जमतं ना? जमत नसलं तर मी आता ऐकणार नाही." म्हणजे त्या घराची किल्ली आबांच्या कनवटीला असली तरी घराचा निकाल माझ्या जिभेवर होता. आबांना हे ठाऊक होतं. फोन ठेवला रे ठेवला की ते विचारत, "काय सांगतलं तिले? सारं सांग. मधलं खाऊ नोको."

अशा माणसाच्या अंगणात मी विजेवर चालणारी मोटरसायकल आणली.

माझी जुनी गाडी नांदुऱ्याहून आलेली, सासऱ्यांनी वापरून दमवलेली. ती चालू झाली की शेजारची कुत्री उठून जागा बदलत. रोज उंद्रीला जाऊन येऊन पेट्रोल तर पीतच होती, वर माझी कंबरही खात होती. नवी गाडी घेताना मी दुकानदाराला एकही प्रश्न विचारला नाही, कारण त्याला वाटेल की याला काही कळत नाही. एका चार्जिंगमध्ये किती जाते ते त्याने सांगितलं आणि मी ते देववाणीसारखं ऐकून घेतलं. ते आकडे सपाट रस्ता, मंद वारा आणि माझ्यासारख्या किडकिडीत माणसाच्याही निम्म्या वजनाचा माणूस धरून सांगितलेले असतात, हे मला नंतर रस्त्याने शिकवलं.

आबांनी गाडीचा पंचनामा केला. हँडलपासून सुरुवात करून हात मागे नेत गेले, सीटखाली घातला, चाकाशी नेला. सायलेन्सर शोधला, तो नव्हता. टाकीवर टिचक्या मारल्या. "हिचं पोट कुठी हाय?" मी बॅटरीवर त्यांचा हात नेऊन ठेवला. मग चालू करून दाखवली. चालू झाली हे त्यांना पटेचना. "आवाज?"

"आवाज नसतो आबा. तीच तर मजा आहे."

"जे खाते अन् आवाज करत नाही ते चोर असते," ते म्हणाले आणि गाडीचं नाव मुकी पडलं.

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. रात्री चार्जिंगला लावून झोपलो, सकाळी घाईत काट्याकडे न बघता निघालो आणि परतताना भर उन्हात मुकी रस्त्यात बसली. खरं म्हणजे ती बसली नाही, हळूहळू नम्र होत गेली. मी ढकलत निघालो. विजेची गाडी ढकलताना पेट्रोलच्या गाडीपेक्षा जड लागते, कारण तिच्यात आपला शहाणपणाही बसलेला असतो. शेतातून एकाने विचारलं, "काऊन सर, वायर पुरली नाही काय?" त्याची बायको हसली, त्यांचा बैलही मान वळवून बघू लागला.

घामाने निथळत गेटात आलो तर आबा शांतपणे सांगतात, "बटन मीच बंद केलं होतं. झोपतानी चूल इझवत नाही का मानूस? तू घोरत पडला अन् ते भिताडाले तोंड लावून पिऊन राह्यलं." मग करार ठरला. मुकीने संध्याकाळीच प्यायचं, आबा जागे असेतो. ते शेजारी खुर्ची टाकून बसत, पायाशी वाळूची बादली. मधूनमधून बॅटरीवर तळवा ठेवून बघत, तापकरी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. "आज जास्त गरम हाय. जोरात पळवली काय बे?" आणि मी खरोखरच पळवलेली असे.

पण त्यांचा माझ्यावर राग आहे, असा संशय मला येऊ लागला. पूर्वी मी कामावरून आलो की आत चहा उकळत असे. नेमका मी गाडी लावायला आणि चहा वर यायला गाठ पडे. मुकी आल्यापासून चहा बंद. मी येऊन समोर उभा राही तरी आबा बोलत नसत, मी खाकरलो की दचकून म्हणत, "आला काय?" मी मनाशी म्हटलं, म्हातारा रुसलाय. मुद्दाम बघून न बघितल्यासारखं करतोय. आणि मीही मनाचा मोठा असल्यामुळे बाहेर टपरीवर चहा पिऊन येऊ लागलो.

एके संध्याकाळी मला खोडी सुचली. आबा गेटाच्या मधोमध उभे होते, हातात पाण्याचा तांब्या, तोंड माझ्याकडे. म्हटलं, बघू कोण आधी हलतं. मी सरळ त्यांच्या रोखाने आलो. ते हलले नाहीत. मी आणखी जवळ आलो. ते माझ्याकडेच बघत होते, शांतपणे, अगदी माझ्या डोळ्यांत. शेवटच्या क्षणी मी ब्रेक दाबला. हँडलचा धक्का लागून तांब्या पडला, आणि समोरासमोर, हाताच्या अंतरावर, आबा म्हणाले, "कोन हाय?"

मला वाटलं नाटक करतायत. तेवढ्यात त्यांचा हात पुढे आला, चाचपडत माझ्या छातीला लागला, तिथून हनुवटीला, गालाला. दिवसभर दवाखान्यात लोकांना डोळ्यांत घालायचे थेंब वाटणारा मी, मला तेव्हा कळलं.

"आबा, तुम्हाला दिसत नाही?"

"दिसते ना. धुकं दिसते."

आम्ही ओट्यावर बसलो. ते हळू आवाजात बोलले, रस्त्याने कुणी ऐकू नये म्हणून. दूधवाला खोकल्यावरून कळे, शेजारीण पैंजणांवरून, भाजीवाली तर ओरडूनच येई. "तुही जुनी गाडी मोडावर आली की मले समजे. मंग मी चहा ठेवत होतो. आता तू येते का भूत येते, काय मालूम." मग माझं मनगट धरलं. "शोभीले सांगू नोको. सांगतलं तर कुलूप लागते घराले."

मी मोतीबिंदूवर व्याख्यान दिलं. साधं ऑपरेशन आहे, लगेच घरी सोडतात, असं बरंच. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "अन् डोळा काढून घेतला अन् दुसऱ्याचा बसवला, तर मले दिसंन काय की कोनाचा हाय?" मी म्हटलं डोळा काढत नाहीत, भिंग बदलतात. "म्हंजे काढतेत तं खरं काहीतरी," ते म्हणाले. विषय संपला.

त्यांनी नियम घातला: गेटात शिरताना मी आपलं नाव घ्यायचं. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी गेटाशी पाय टेकवून मोठ्याने म्हणे, "मी नांदुऱ्याचा मनोहर, उंद्रीहून आलो." समोरच्या घरातल्या बाया दारात येऊन उभ्या राहात. नव्या नवरीनेही इतक्या वेळा नाव घेतलं नसेल. गल्लीत माझी छीथू होऊ लागली तेव्हा आबांनाच दया आली. त्यांनी खुंटीवरची त्यांच्या बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी काढली आणि चाचपत मुकीच्या हँडलला बांधली. "आता बोलते," ते म्हणाले. नावावरून सुटलो, पण उंद्रीच्या दवाखान्यात पेशंट म्हणू लागले, "औषधवाल्याचा बैल आला." चहा मात्र परत उकळू लागला.

मग तो रविवार आला. शोभाताईचा फोन आला तेव्हा आबा शेजारीच बसले होते. त्यांनी माझा मोकळा हात ओढून घेतला आणि मनगटावर बोटं ठेवली. तिने नेहमीचंच विचारलं. मी म्हणालो, "सगळं ठीक आहे ताई. काही काळजी नाही." ती म्हणाली, तुम्ही आहात म्हणून मी निवांत आहे. फोन ठेवला.

आबांनी आज 'काय सांगतलं' असं विचारलं नाही. बोटं मनगटावर तशीच होती.

"खोटं बोलतानी तुही नाडी लय पळते बे."

"तुम्हीच सांगितलं होतं."

"हाव. मीच सांगतलं." त्यांनी माझा तळवा अंगठ्याने दाबला. "आजपर्यंत दुसऱ्यायच्या पोत्यात हात घातला. आता माह्याच पोत्यात खडा हाय, अन् पोरगी त्या पोत्यावर भरोसा ठेवून राह्यली. अशा भरोशावर घर नाही ठेवत कोनी." मग हात सोडून म्हणाले, "कुठी कापतेत डोळा?"

चिखलीला जायचं ठरलं. मी जीप सांगतो म्हणालो. जीपवाल्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मुकीवर होता. रोज संध्याकाळी तिच्या पोटावर हात ठेवून बसलेला माणूस तो. ते मागे बसले, एक हात माझ्या खांद्यावर, घंटी वाजत होती, आणि वाटेत विचारत होते, "किती उरलं हिच्यात? खरं सांग." या खेपेला मी काटा बघूनच निघालो होतो. दवाखान्यात त्यांनी डॉक्टरांचा हात मागून घेतला. डॉक्टर बाई होत्या, त्यांनी हसून दिला. आबांनी अंगठ्याने तळवा दाबला, एकेक बोट बघितलं आणि मला म्हणाले, "कापत नाही हात. होऊ दे."

परतताना धूळ नको म्हणून डॉक्टरांनी मोटरसायकलवर बसू दिलं नाही. आबा ऑटोत, मी शेजारून. घंटी जरा मागे पडली की ऑटोतून हात बाहेर येई आणि ऑटोवाल्याला हळू घ्यायला लावी.

डोळा बरा झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा मुकी बघितली. "ही काळी हाय? तू तं निळी म्हने." निळीच होती, जरा गडद. मग मला बघितलं, वरपासून खालपर्यंत. "आवाजावरून तब्येतीचा वाटत होता," ते म्हणाले आणि त्यानंतर कित्येक दिवस माझ्या प्रत्येक वाक्याकडे नव्याने संशयाने बघत राहिले. सगळं कळल्यावर शोभाताई आली. त्यांना सुईत दोरा ओवताना बघून रडली, मग माझ्यावर पोटभर चिडली, आणि कुलूप न लावता परत गेली.

पुढे माझी बदली नांदुऱ्याकडे झाली. सामान टेम्पोत चढलं तेव्हा आबांनी रिकाम्या खोलीचा पंचनामा केला. आता दिसत होतं, तरी डोळे मिटून भिंतीवरून हात फिरवत गेले, खिडकीशी, दाराशी, मी चार्जर लावत होतो त्या बटणाशी. तिथे हात जरा जास्त वेळ राहिला. बाहेर येऊन म्हणाले, "घंटी काढ. माहा बैल गेला, घंटी नाही देनार कोनाले."

मी सोडून दिली. त्यांनी ती कानाशी हलवून बघितली, मीच बदलून दिली नाही ना याची खात्री केली, आणि धोतराच्या सोग्याने पुसली. मी गाडी चालू केली. मुकी परत मुकी झाली होती. गेटातून बाहेर पडताना मागे बघितलं तर आबा मधोमध उभे होते, तोंड माझ्याकडे. या वेळी त्यांना मी दिसत होतो. तरी ते ओरडले, "नाव घे बे." मी घेतलं. समोरच्या बाया शेवटचं म्हणून दारात आल्याच होत्या.

आता मी नांदुऱ्यालाच रोज येतो-जातो, त्याच गाडीवर. रस्त्यात एखादा म्हातारा मधोमध चालत असला आणि बाजूला होत नसला की पूर्वी मला वाटे, माजलाय. आता मला संशय येतो. मी हॉर्न वाजवत नाही. पाय टेकवतो आणि मोठ्याने आपलं नाव सांगतो, कुठून आलो तेही सांगतो. बहुतेक म्हातारे वळून बघतात आणि वेड्याला वाट द्यावी तसे कडेला होतात. एखादा मात्र वळत नाही, नुसता हात पुढे करतो. मग मी मुकीचा स्टँड लावतो आणि माझा हात त्या हातात देतो.