बँड थांबवणारे मास्तर

मास्तर नवा अल्बम बसून कधीच ऐकत नसत. चालून ऐकत. शर्टाच्या खिशात फोन, कानात वायरवाले हेडफोन, आणि शेलूबाजारच्या चौकातून मंगरुळपीरच्या रस्त्याने सरळ चालू पडत. अल्बम संपेपर्यंत जायचं आणि परतताना तोच पुन्हा पहिल्यापासून लावायचा. परत आले की बँडच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून मला पुण्याला फोन करायचे आणि निकाल सांगायचे. या माणसाने चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवलेला. ज्याच्यासोबत चालता येत नाही ते वाजवणाऱ्यालाच नीट कळलेलं नाही, असं त्यांचं ठाम मत. "खुर्चीत बसून सारंच चांगलं वाट्टे पोरी," ते म्हणत. "पायाले इचार."

एकदा मी त्यांना सात मात्रांत बांधलेला एक जॅझ अल्बम पाठवला. तो ऐकत मास्तर भर बाजाराच्या दिवशी रस्त्याने असे काही विचित्र पाय टाकत गेले की जीपवाल्यांनी हाका मारल्या, "मास्तर, पाय मुरगळला काय? बसा, सोडून देतो." मास्तर थांबले नाहीत. "पाय बरा हाय," त्यांनी चालता चालताच सांगितलं, "ड्रमवाला सातात चालून राह्यला." संध्याकाळी मला फोन आला. ड्रमवाला पक्का आहे, पियानोवाला मात्र दर वेळी सातवी मात्रा चोरतो, चौथं गाणं पुन्हा ऐक. मी ऐकलं. खरोखर चोरत होता. त्या अल्बमवर पुण्यामुंबईत बरंच कौतुक छापून आलं होतं आणि ही चोरी एकालाही दिसली नव्हती.

आता मी कोण, तेही सांगते. बँडच्या खोलीला लागून माझ्या वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. बँडवाल्यांचे लाल कोट वडीलच शिवत, त्यामुळे माझं लहानपण मास्तरांच्या सरावाच्या आवाजातच गेलं. पुढे मी पुण्यात एका संगीतविषयक वेब-मासिकात लागले. नव्या जॅझ आणि फ्यूजन अल्बमची परीक्षणं लिहायचं काम माझ्याकडे आलं, ते मला काही येत होतं म्हणून नाही. दुसरं कोणी घेईना म्हणून आलं. मी 'तरल', 'प्रवाही', 'सीमा ओलांडणारं' असे शब्द वापरून दिवस ढकलत होते. सुट्टीत गावी आले तेव्हा मास्तरांना एक परीक्षण वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, वाजवलं काय त्यानं?" त्या दिवसापासून मी त्यांना अल्बम पाठवू लागले.

शेलूबाजारात जॅझ आला कुठून, असं मला पुण्यात पुष्कळांनी हसत विचारलं. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. मास्तर तरुणपणी आठ वर्षं सर्कशीच्या बँडमध्ये होते. तिथे एका गोव्याच्या वृद्ध सॅक्सोफोनवाल्याने त्यांना नोटेशन वाचायला शिकवलं. खेळ संपल्यावर तो आपल्याकडच्या कॅसेटी ऐकवायचा आणि दुसऱ्या दिवशी तपासायचा, या गाण्यात ट्रम्पेटवाला किती वेळा थांबला? किती वाजवलं हे त्याने कधीच विचारलं नाही. "थांबते कोण, ते आयक," हे मास्तर त्याचंच वाक्य वऱ्हाडीत सांगत. वाघ पिंजऱ्यातून सोडला की ड्रम कुठे थांबवायचा, हे ज्याला रोज ठरवावं लागलं, त्याला थांबण्याची किंमत कळणारच. पुण्यातल्या वातानुकूलित खोलीतल्या माणसांनी त्यावर हसू नये.

फ्यूजन या शब्दावर त्यांचा विशेष राग. सतारीवर गिटार चढवली, खाली ढोलकी आणि वर कीबोर्ड घातला की झालं, असे अल्बम महिन्याला चार येत. ते ऐकून मास्तर मला विचारायचे, "हे एकमेकाचं आयकून राह्यले काय? का नुसते एका जीपमंधी बसले? जीपमंधी बसल्यानं सोयरीक होते काय?" पण एखाद्या अल्बममध्ये खरंच कुणी कुणाचं ऐकलेलं असलं, तर मास्तरांचा आवाज फोनवर बदलायचा. असाच एकदा व्हायोलिन आणि सॅक्सोफोनचा एक अल्बम त्यांनी तीन दिवस चालून ऐकला आणि चौथ्या दिवशी म्हणाले, "लिव, की दोघंबी घाबरून वाजवून राह्यले. लय चांगलं हाय." हे वाक्य मी जसंच्या तसं छापलं. व्हायोलिनवाल्या बाईंचा मेल आला की आमच्याबद्दल इतकं खरं कुणीच लिहिलेलं नाही.

तो मेल माझ्या नावाने आला. कारण सगळी परीक्षणं माझ्या नावाने जात होती. मी सुरुवातीलाच संपादकांना म्हटलं होतं की मास्तरांचं नाव घालू या. ते म्हणाले, "लग्नाचा बँडवाला जॅझवर बोलणार? आपल्या वाचकांना तो विनोद वाटेल." मी वाद घातला का? नाही. घालायला हवा होता. मास्तरांना हे सांगताना माझी मान वर होत नव्हती, पण ते सहज म्हणाले, "नाव तुयं राहू दे. मले काय करा लागते नावाचं? पण शब्द माया हलवू नको." मी कबूल केलं.

इथे मास्तरांची एक रीत सांगायला हवी. त्यांचा बँड मानोऱ्याकडच्या तांड्यांवर लग्नांना जायचा. बंजारा लग्नात नवरी सासरी निघताना घरच्या माणसांच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते. ते रडणंही असतं आणि गाणंही असतं, दोन्ही एकाच श्वासात. इतर बँडवाले त्यातही आपलं वाजवत राहत. मास्तर मात्र नवरीचा पहिला सूर लागला की हात वर करत आणि बँड बंद. सगळ्यांनी वाद्यं खाली धरायची आणि ढावलो संपेपर्यंत हलायचं नाही. एका लग्नात वरपक्षाच्या कोणीतरी आरडाओरडा केला, वाजवा म्हणून. मास्तर म्हणाले, "ते म्हणून राह्यली ना. तिचं होऊ द्या." आमच्या भागात हे सगळ्यांना माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वी एक मोठा गाजावाजा झालेला अल्बम आला. मुंबईचा एक सॅक्सोफोनवाला, परदेशी ड्रमर, आणि 'मातीतले आवाज' वगैरे. मी नेहमीप्रमाणे मास्तरांना पाठवला. ते चालायला निघाले आणि पाऊण तासात परत आले. अल्बम अर्धाही झाला नव्हता. फोनवर धाप लागलेली. "पोरी, पाचवं गाणं लाव. थे गोमलीबाई हाय."

पाचव्या गाण्यात एक बाई ढावलो म्हणत होती, तिच्यासोबत आणखी एक कोवळा आवाज होता, आणि त्या दोघींवर पहिल्यापासून शेवटपर्यंत सॅक्सोफोन वाजत होता. गायिकेच्या जागी लिहिलं होतं 'पारंपरिक'. मास्तर सांगत होते, हे ज्या लग्नातलं त्या लग्नात ते स्वतः क्लॅरिनेट खाली धरून उभे होते. नवरी गोमलीबाईची मुलगी. आईच्या गळ्यात पडून ढावलो म्हणता म्हणता मुलीला हुंदका आवरेना, तेव्हा आईनेच तिच्या ओळी उचलून धरल्या. माईक घेऊन एक शहरी पोरगा तिथे फिरत होता. अभ्यासाला पाहिजे म्हणाला, तांड्याने त्याला चहा पाजला, जेवू घातलं. पुढच्याच वर्षी गोमलीबाई गेली. हे सगळं सांगून मास्तर म्हणाले, "मी बँड बंद करतो तिच्यासाठी. आन ह्यानं तिच्या छातीवर बसून वाजवलं."

तरीही मास्तरांनी घाई केली नाही. जीप बदलत तांड्यावर गेले, चार बायांना ते गाणं ऐकवलं. त्यांनी पहिल्याच ओळीला गोमलीबाईचं नाव घेतलं. मग मास्तरांनी परीक्षण सांगितलं आणि मी उतरवून घेतलं. चार गाण्यांत सॅक्सोफोन उत्तम आहे, असं त्यांनी आधी प्रामाणिकपणे सांगितलं. आणि पाचव्याबद्दल: 'हे गाणं पारंपरिक नाही. हे गोमलीबाई राठोडचं आणि तिच्या मुलीचं आहे. वाजवणाऱ्याला दम साधता येतो, सूर साधता येतो, फक्त थांबता येत नाही. ज्याला थांबता येत नाही त्याला मी जॅझवाला म्हणत नाही.'

संपादकांनी तो परिच्छेद कापला. "पुरावा काय? चार बायका म्हणतात म्हणून? आणि त्या अल्बमवाल्यांची जाहिरात आहे आपल्याकडे, तुला कल्पना आहे ना?" मला कल्पना होती. मी चार मेल लिहिले, आवाज चढवला, आणि शेवटी गप्प बसले. माझ्या नावाने, चार गाण्यांचं कौतुक करणारं परीक्षण छापून आलं. त्या सॅक्सोफोनवाल्याने ते स्वतः सगळीकडे फिरवलं.

मास्तरांनी मला फोन केला तो आयुष्यातला सगळ्यात छोटा फोन. "मी म्हटलं होतं शब्द हलवू नको."

"मास्तर, त्यांनी कापलं. मी सांगितलं होतं त्यांना..."

"तुयं नाव हाय ना त्याच्यावर? मंग तूनं कापलं."

त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर मी पाठवलेला एकही अल्बम त्यांनी ऐकला नाही. फोन उचलायचे, आईची तब्येत विचारायचे, सोयाबीनला शेंगा कशा धरल्या ते सांगायचे. गाण्याचा विषय काढला की "बरं, ठेवतो" म्हणायचे. मला त्यांचाही राग आला, खोटं कशाला बोलू. काय करू शकत होते मी? पण रात्रंदिवस मनात एकच येई, की मी निदान नाव तरी काढून घ्यायला हवं होतं. तेवढं माझ्या हातात होतं.

चार महिन्यांनी मी ती नोकरी सोडली. पूर्ण परीक्षण, कापलेल्या परिच्छेदासह, माझ्या ब्लॉगवर टाकलं, खाली मास्तरांनी ते सांगितल्याचं लिहिलं, आणि त्याची छापील प्रत घेऊन शेलूबाजारला गेले. मास्तर बाकावर बसले होते. त्यांनी चष्मा लावून कागद सावकाश वाचला. मला वाटलं, आता तरी बोलतील.

"गोमलीबाईच्या पोरीले वाचून दाखवलं काय?"

मी नाही म्हटलं.

"मीबी नाही दाखवलं," मास्तर म्हणाले. "तांड्यावरच्या बायाईले इचारलं, आन जिचं रडणं होतं तिले नाही इचारलं. तुया संपादकाले काय बोलू मी?" ते उठले आणि त्यांनी खोलीला कुलूप लावलं. "चाल. आत्ताच जाऊ."

मानोऱ्याच्या पुढे तिचं सासर. तांड्यावरची निम्मी घरं ऊसतोडीला गेल्याने बंद होती. तिचा नवराही गेला होता. लेकरू अंगावर पितं म्हणून ती मागे राहिली होती. मास्तरांना तिने लगेच ओळखलं, "बँडवाले बाबा" म्हणून पाणी दिलं. मास्तरांनी तिला सगळं सांगितलं, काहीही न लपवता, आमची चूकसुद्धा. मी कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, "याडीचं नाव लिवलं थे चांगलं केलं. मायं नोका लिवू." याडी म्हणजे आई. मग तिने विचारलं, "थे गाणं हाय काय तुमच्यापाशी? मी आयकलंच नाही."

मास्तरांनी हेडफोन काढून टाकले आणि फोन तिच्या हातात दिला. पाचवं गाणं सुरू झालं. ती लेकराला मांडीवर घेऊन, फोन कानाशी धरून बसली. सॅक्सोफोन सुरू झाला तशी तिने फोन आणखी जवळ धरला. मग दुसऱ्या कानाशी नेला. एकदा फोनच्या काचेवरून पदर फिरवला. शेवटी तिने मास्तरांकडे पाहिलं.

"बाबा, हा पोंगा बंद करता येत नाही काय? मले याडी आयकू येऊन नाही राह्यली."

मास्तर स्वतः तोच पोंगा, म्हणजे सॅक्सोफोन, जन्मभर वाजवत आले होते. "नाही करता येत माय," ते म्हणाले. "माया हातात नाही." तिने गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि फोन परत दिला.

परतताना जीपमध्ये मी विचारलं, यावर काय लिहू? "लिवाचं काय त्याच्यात आता," मास्तर म्हणाले. "तिनं सांगतलं ना. असा रिव्ह्यू मले कधी जमला नाही."

घरी आल्यावर आम्ही त्या सॅक्सोफोनवाल्याला पत्र लिहिलं. नाव छाप, असंही म्हटलं नाही. एवढंच मागितलं की त्या लग्नाचं मूळ रेकॉर्डिंग, ज्यावर काहीही वाजवलेलं नाही, ते त्या मुलीला पाठव. ते त्याच्याकडे आहे. कुठल्या तरी कॉम्प्युटरवर गोमलीबाई एकटी, स्वच्छ, तिच्या मुलीला ओळी देत पडून आहे. ती फाईल पाठवायला त्याला दोन मिनिटं लागतील. मेलला उत्तर नाही, फोनला नाही, त्याच्या कचेरीने 'विनंती नोंदवली आहे' असं एकदा कळवलं, त्याला दीड वर्ष झालं. त्याच्या नव्या अल्बमच्या मुलाखतीत तो आईच्या अंगाईबद्दल हळवं बोलताना मी पाहिला आणि फोन भिंतीवर फेकायचा राहिला.

मास्तर आता नवे अल्बम ऐकत नाहीत. दर सोमवारी न चुकता मला फोन करतात, आणि माझी खुशाली विचारायच्याही आधी म्हणतात, "देल्लं काय त्यानं?"