भांगेची चटणी आणि सासूबाईंचा खरेपणा

उत्तराखंडात अल्मोड्याला जायचं सासूबाईंनी परस्पर ठरवून टाकलं. "आयुष्यभर खाडीच बगितली, आता बरफ बगीन." नवऱ्याला रजा नव्हती, म्हणून सोबतीला मी. पनवेलहून दिल्ली, तिथून रेल्वेनं काठगोदाम, पुढे शेअर जीप. जाणार असाल तर पुढची सीट मागा आणि उलटीची गोळी निघण्याआधीच घ्या. वळणं संपतच नाहीत.

अल्मोड्याच्या खाणावळीत नाचणीच्या भाकरीबरोबर राखाडी, आंबट चटणी आली. सासूबाई उरणकडच्या, मासळीविना जेवण म्हणजे त्यांना उपास. पण चटणीवर त्या भाकरीमागून भाकरी जेवल्या.

"कसली हाय गो ही?"

मालकीणबाई म्हणाली, "भांग के बीज की।"

मी हातातला घास ताटात परत ठेवला. सासूबाईंनी बाजारातून पिशवीभर बिया घेतल्या.

मी घाबरून पनवेलच्या आमच्या ओळखीच्या वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, "बियांना हरकत नाही, वहिनी. त्यांनी नशाही होत नाही. त्यांच्यासोबत फुलोरा आला तर मात्र तो गांजा. पाल्याचे नियम तर राज्याराज्यांत वेगळे; आपल्याकडे परवाना लागतो. बिया नीट निवडून आणा."

मग काय, खिडकीबाहेर हिमालय आणि मी पलंगावर चादर पसरून पाल्याचा कण न् कण वेचतेय!

"तांदूळ कवा असं निवडलं नाय तू," सासूबाई म्हणाल्या.

परतताना दिल्ली स्टेशनवर सामान तपासत होते. 'चटणीचं सामान म्हणा' असं मी सासूबाईंना बजावलं होतं. हवालदारानं पिशवीकडे बोट दाखवलं. "माताजी, इसमें क्या है?"

"भांग!" सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या.

मागची रांग दोन पावलं मागे सरकली. "बीज! सिर्फ बीज!" मी किंचाळले. त्यानं बिया तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिल्या आणि हसू दाबत म्हणाला, "पूरा नाम बोला करो, माताजी।"

"झूट काय को बोलनेका?" सासूबाईंनी त्यालाच सुनावलं.

पनवेलजवळ सुकापूरला आमच्या घरी आल्यावर सासूबाईंनी बिल्डिंगमधल्या बायकांना जेवायला बोलावलं. चटणीचं नाव जेवणं झाल्यावर सांगितलं. खालच्या जोशीकाकूंना लगेच गरगरायला लागलं. दुसरीला हसू आवरेना, तिचं बघून तिसरीला. "अहो, बियांत नशा नसते," मी कायदा समजावत होते.

"गप गो," सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "कवा नाय त्या हसतान. हसू दे."

हिमालयाचे फोटो अजून कोणी मागितले नाहीत. बिया मात्र संपल्या. काल जोशीकाकू वाटी घेऊन दारात उभ्या. "थोडी आहे का गं ती? आज फार कंटाळा आलाय."

मी शेंगदाण्याची चटणी घालून दिली. थोड्या वेळानं खालून त्यांचं हसणं ऐकू आलं.