खापर फुटलं ते हसण्यावारी

थेंबीच्या डाव्या डोळ्यातली बाहुली गोल नव्हती. वर गोल आणि खाली ओघळलेली, थेंब निसटावा तशी. जन्मापासूनच. म्हणून हे नाव पडलं आणि तिला ते आवडायचंही. त्या डोळ्याने अंधुक दिसे, उन्हात तो मिटून घ्यावा लागे. पण वडिलांच्या सायकलच्या दुकानात वाकडं चाक सरळ करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. चाक फिरवायचं, रिंगेजवळ नख धरायचं, घासेल तिथली तार आवळायची.

डोळ्याचं खापर मात्र आईवर फुटलं होतं. आत्या म्हणायची, "पोटुशी असताना मंद दिव्यात भरतकाम करत बसली, दुसरं काय!" आईने सुया-दोरे माळ्यावर टाकले ते कायमचे. उलट उत्तर तिने कधी दिलं नाही, पण लेकीच्या डोळ्याकडे बघताना तिचा चेहरा उतरायचा.

थेंबीचं एका बसचालकाशी लग्न झालं. दिवस राहिले तेव्हा तिने डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, "बाळालाही असंच होईल का?"

"आधी आईवडिलांना घेऊन या," बाई म्हणाल्या.

वडील कुरकुरतच आले. "माझे डोळे ठणठणीत आहेत. उगाच खुळ्यासारखं काय बसायचं?" बाईंनी थेंब घातले, दिवा लावून बराच वेळ आत पाहिलं आणि विचारलं, "काका, तुमचं डोकं वरच्या वस्तूंवर आपटतं का?"

उत्तर आईने दिलं. "रोज! टांगलेली चाकं, कपाटाची दारं, एक सोडत नाहीत. वेंधळे आहेत, झालं."

"वेंधळे नाहीत हो. पोटात डोळा घडताना त्याला खालून एक फट असते. पहिल्या काही आठवड्यांत ती मिटते. थेंबीची पुढून राहिली, म्हणून दिसते. यांची आत, पडद्याच्या तळाशी राहिली आहे. तळाला फट असली की वरचं दिसत नाही."

पुढे रक्ताचे अहवाल आले. जनुकातला तोच बदल बापलेकीत सापडला.

"आणि माझं भरतकाम?" आईने हळूच विचारलं.

"त्याचा काडीचाही संबंध नाही."

आई हसायला लागली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "इतकी वर्षं बोलणी मी खाल्ली, आणि चोर शेजारी घोरत होता!"

वडील आधी ओशाळले. मग छाती फुगवून म्हणाले, "म्हणजे पोरगी माझ्यावर गेली म्हणायची!"

बाळाबद्दल बाईंनी स्पष्ट सांगितलं. निम्मी शक्यता. कुणात कमी, कुणात जास्त, ते आधी कळत नाही. नाणं उडवल्यासारखंच. थेंबी म्हणाली, "उडू दे. दोन्ही बाजू माझ्याच आहेत."

आत्याच्या कानावर गेलं तशी ती रंगीत रेशमाच्या लडी घेऊन आली. दारातच म्हणाली, "वहिनी, माझ्या जिभेला हाड नाही."

"ते माहीत आहे, वन्सं. आता तुमचेही डोळे तपासून घ्या, भाऊ तुमचाच आहे." दोघी हातात हात घालून दवाखान्यात गेल्या. आत्याचे डोळे स्वच्छ निघाले, तर तिलाच जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

मुलगी झाली. उजव्या डोळ्यात थेंब होता. बाईंनी आत पाहिलं. पडदा चांगला होता. चष्मा लागेल, वेळोवेळी दाखवावं लागेल, पण दिसेल. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बसचालकाने बाळाला उचललं आणि बायकोला म्हणाला, "ही तुझीच आहे, हे कुणापासून लपवता येणार नाही बघ."

काही महिन्यांनी बाळाला लवचीक पट्टीचा इवलासा चष्मा मिळाला. थेंबीने तिला दुकानात मांडीवर घेतलं आणि समोरचं चाक फिरवलं. बाळ थबकलं. तारा चमकत गरगरत होत्या. तिने दोन्ही हात पुढे केले आणि अशी खिदळली की पंक्चरसाठी थांबलेली गिऱ्हाइकंही हसायला लागली. चाक थांबलं की ती रडे. मग थेंबीने पाना खाली ठेवला आणि संध्याकाळपर्यंत चाकच फिरवत बसली.