सीटवर नाही ना पडलं?

"सीटवर नाही ना पडलं?"

वकीलसाहेबांनी एवढंच विचारलं. वितळलेलं सोल्डर पडलं होतं माझ्या वडिलांच्या गळ्यावर. अप्पा गाडीत खाली, पाय ठेवायच्या जागेत, उताणे झोपून काम करत होते. ओठ आवळून पडून राहिले.

आणि मी? मी आधी सीट बघितली. "नाही साहेब," म्हणाले.

धारवाडात सुभाष रोडच्या मागं आमचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. मी अप्पांच्याच हाताखाली शिकले. वकीलसाहेबांच्या गाडीचा डॅशबोर्डखालचा कनेक्टर जळला होता. तो कापून नवा बसवायचा. एकेका वायरीत आधी स्लीव्हची नळी ओवायची, मग सोल्डर करायचं, मग स्लीव्ह तापवून सांध्यावर घट्ट बसवायची. सीटवर बसून वाकलं की सांधा समोर येतो. खाली झोपलं की तोंडावर येतो.

साहेबांनी सहज विचारलं होतं, "राहता कुठं?" वस्तीचं नाव ऐकलं आणि म्हणाले, "सीटला लागू नका. खालीच बसून करा." मी भांडले नाही. उलट पेपर आणून सीटवर अंथरला. त्यांची सीट आमच्यापासून राखायला! असल्या गाड्या आल्या की न सांगता अंथरायचे मी. त्याला शहाणपण समजायचे. आता लाज वाटते.

अप्पांनी गळा पुसला आणि परत सोल्डरगन उचलली. शेवटची वायर राहिली होती, स्लीव्ह ओवलेली.

"इर्ली बिडव्वा, असू दे," ते मला म्हणाले.

मी तर त्यांना काही विचारलंही नव्हतं. तरी माझीच समजूत काढत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी त्यांच्या हातातली सोल्डरगन काढून घेतली. "अप्पा, उठा." पेपर चुरगाळून फेकला आणि सीटवर बसले.

"ए, काय सांगितलं होतं?" साहेब ओरडले.

"काम बसूनच होईल. नको असेल तर गाडी ढकलत न्या."

अप्पा उठून बाहेर आले. मी वायर जोडली, स्लीव्ह बसवली, दिवे लावून दाखवले. साहेब गाडी घेऊन गेले.

अप्पांच्या गळ्यावर डाग राहिलाय. तो पेपर मी अंथरला होता, आणि आधी सीटही मीच बघितली होती. माफी मागून हे पुसलं जाणार नाही. म्हणून आता गाडी आली की कुणी विचारायच्या आत वस्तीचं नाव सांगते, मोठ्यानं. मग दार उघडते आणि सीटवर बसते.