पोरसाच्या बाजूचा साक्षीदार

आकुर्डीच्या त्या व्याख्यानात प्रा. निसार मुजावर काय बोलला, ते मी ऐकलं होतं. शब्दन् शब्द. स्टेजवर त्याच्या शेजारच्याच खुर्चीत मी बसलो होतो. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. उलट, विचारलं गेलं तेव्हा मी तिथे नव्हतोच असं सांगितलं. तो गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकणला माझ्या छोट्या कारखान्याच्या शेडमध्ये होतो. पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या आवाजात पलीकडचं धड ऐकू येईना. "सर गेले... हार्ट अटॅक," एवढंच कळलं. आणि खरं सांगायचं तर दुःखाच्याही आधी मनात आलं ते हे, की माझं ते खोटं माहीत असलेला आता मी एकटाच उरलो. क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. त्या क्षणाने गेले काही आठवडे मला धड जेवू दिलेलं नाही.

आम्ही दोघेही लातूरकडचे. तो इकडे कॉलेजात इतिहास शिकवायला आला, मी कंपनीत लागलो, आणि लग्नं होईपर्यंत काळेवाडीत एका खोलीत राहिलो. स्वयंपाक माझ्याकडे, भांडी त्याच्याकडे, आणि भांडी घासता घासता त्याचा सिकंदर सुरू. त्याला सिकंदर आवडतो असं लोकांना वाटायचं. तसं नव्हतं. सिकंदराबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते कुणामुळे माहीत आहे, याचा त्याला नाद होता. सिकंदराबरोबर गेलेल्या माणसांनी लिहिलेलं जवळजवळ सगळं बुडालं. हाती उरलं ते तीनचारशे वर्षांनी दुसऱ्यांनी लिहिलेलं. "भावा, अॅक्सिडेंट आज चाकण चौकात आणि पंचनामा तुझ्या खापरपणतवाच्या नातवाने करायचा, असं आहे हे!" कॉलनीतले लोक चिडवायचे, "सर, सिकंदर तुमच्यातलाच ना?" हा म्हणायचा, "अहो, तो मेला तेव्हा इस्लाम यायला कित्येक शतकं होती. तो ना तुमच्यातला, ना आमच्यातला." बाकी माणूस तसा अवघडच. माझ्या लग्नात मामा पंगतीत बसून आमचे पूर्वज पानिपतावर लढल्याचं सांगत होता, तर याने वाढता वाढता विचारलं, "कागद आहे का काही?" मामा पुढे त्याच्याशी कधी बोलला नाही.

मी आकुर्डीतल्या आमच्या व्याख्यानमालेचा चिटणीस. त्याला बोलवायचं मीच सुचवलं. विषय, सिकंदर आणि पोरस. सभागृह भरलं होतं. 'तुला कसं वागवू?' आणि 'राजासारखं!' हा संवाद आपण सगळेच शाळेत शिकलोय. निसार म्हणाला, हा संवाद ऐकला कुणी? मध्ये दुभाषा कोण होता? पोरसाच्या बाजूची एक ओळही आपल्याकडे नाही, जे आहे ते सगळं जिंकणाऱ्यांच्या बाजूचं. मग म्हणाला, "हे बाणेदार उत्तर नंतर कुणीतरी रचलेलं असेल." थांबला, पाणी प्यायला आणि पुढे म्हणाला, "पण पोरस रचलेला नाही. तो नदीच्या काठावर खरोखर उभा राहिला होता. एवढं तर शत्रूंनीही लिहून ठेवलंय, आणि शत्रूने दिलेली साक्ष मी सगळ्यात मोठी मानतो."

पाण्याच्या घोटाशी कापलेली क्लिप दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला लागली. खाली त्याचं आडनाव ठळक अक्षरांत. दुपारपर्यंत तो पोरसाचा अपमान करणारा झाला होता. नवल म्हणजे ज्यांनी भाषण समोर बसून ऐकलं, त्यांनाही आता क्लिपच आठवत होती. कमिटीची बैठक लागली. निसार पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. आमचे अध्यक्ष, आम्ही त्यांना आबा म्हणतो, माझ्याकडे वळले. "दत्ता, तू तर स्टेजवर होतास. हे म्हणतात, पुढे चांगलं बोललो होतो. बोलले का?" माझ्या शेडमधलं बहुतेक काम आबांच्या कंपनीकडून यायचं. आबांनी धमकी दिली नव्हती, डोळेही वटारले नव्हते. पण त्यांना कोणतं उत्तर हवंय ते खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हणालो, "मी त्या वेळी खाली गेलो होतो आबा, चहाचं बघायला."

निसारने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहत होतो. "म्हणजे साक्षीदार नाही," तो म्हणाला, आणि पिशवी उचलून निघून गेला. त्याची पुढची दोन व्याख्यानं रद्द झाली. त्यानंतर तो कुठल्याच व्यासपीठावर चढला नाही.

मला वाटलं, संबंध तुटला. पण काही दिवसांनी त्याचाच फोन, "येतोस का?" रहाटणीच्या त्याच्या गॅलरीत बसलो. तो म्हणाला, सिकंदराचा एक सरदार होता, पुढे इजिप्तचा राजा झाला. आपल्याकडच्या एका किल्ल्यात सिकंदराला बाण लागला, तेव्हा त्याला या सरदाराने वाचवलं असं पुढे काहींनी लिहिलं. आणि हा स्वतः काय लिहितो? मी तिथे नव्हतो, दुसऱ्या मोहिमेवर होतो. "आयतं श्रेय मिळत होतं, राव. घेतलं नाही." मी चहा ढवळत राहिलो, साखर केव्हाच विरघळली होती. वाटलं, आता विचारेल. आता... तो म्हणाला, "पण एका ठिकाणी खरं बोलला म्हणून सगळीकडे खरा, असं नसतं. आणि एकदा खोटं बोलला म्हणून सगळीकडे खोटा, असंही नसतं." मग त्याने क्रिकेटचा विषय काढला. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. नंतरही तो विषय त्याने काढला नाही, आणि मी काढू दिला नाही.

चाळिसाव्याला निसारच्या घरी गेलो. लोक पांगल्यावर शाहीनभाभी समोर येऊन बसल्या. म्हणाल्या, "दत्ताभाऊ, एक सांगू? त्या मीटिंगचा मला तुमचा लई राग आला होता. मी यांना म्हणाले, एवढा सख्ख्यासारखा माणूस, त्यानं तोंड उघडू नये? तर माझ्यावरच खेकसले. म्हणाले, तो खाली होता गं, चहाचं बघायला. मीच पाठवलं होतं त्याला." भाभी डोळे पुसून हसल्या. "मनात ठेवू नका हं, भाऊ. उगाच बोल लावला तुम्हाला."

मी मान हलवली आणि चपला घालून खाली आलो. दुभाषा कोण होता असं विचारणारा माणूस. लग्नाच्या पंगतीत कागद मागणारा माणूस. त्याने माझ्या खोट्याला साक्षीदार मिळवून दिला होता, आणि तो साक्षीदार तो स्वतः होता.

त्याने मला कधीही कुठेही पाठवलं नव्हतं. कमिटीपुढे उभं राहून हे सांगायचं आहे, पण ते नंतर. हा मजकूर रविवारी छापून येईल आणि भाभी पुरवणी वाचतात. त्याआधी रहाटणीला जाऊन त्यांना हे तोंडाने सांगणं मी देणं लागतो. आज शुक्रवार आहे. मी अजून गेलेलो नाही.